बोलता यावं, गाता येऊ नये

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग क्रेनवाल्याकडे पाहिलं, मग पुन्हा काट्याकडे. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय असा त्यांचा चेहरा झाला होता.

"बूट काढलेत?"

"काढलेत."

"खिशात काही?"

"रुमाल."

"मग रुमाल सोडून बाकीचं सगळं तुमचंच," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या. "शिडी चढताना बांधायचे ते जुने जाड पट्टे तीन महिन्यांनी बंद होतायत. नवे पट्टे हलके आहेत. ते एवढं ओझं धरायचे नाहीत. तोवर वजन उतरवा, नाहीतर क्रेन सोडून खाली यावं लागेल."

"खाली म्हणजे कुठे?"

"स्टोअरच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे म्हणे."

ती खुर्ची क्रेनवाल्याला माहीत होती. तिच्या शेजारची खुर्चीही माहीत होती. तिच्यावर त्याचा मेहुणा बसायचा.

मेहुणा वाईट माणूस नव्हता. तो समजावून सांगायचा, एवढंच. स्टेपलरमध्ये पिना कशा घालायच्या, जिन्यावर पाय कसा ठेवायचा, पाणी कसं प्यायचं. तुम्हाला येत असलं तरी सांगायचा, आणि येतंय म्हटलं तर का येतंय तेही सांगायचा. क्रेनवाला वर काचेच्या केबिनमध्ये बसला की खाली सगळं शहर असायचं आणि कानाशी फक्त वारा. अख्ख्या बांधकामावर लोखंडाची तुळई त्याच्याइतकी अलगद कोणी टेकवत नसे. खाली ती धरायला उभ्या असलेल्या माणसांना ती आली हे कळायच्या आत ती आलेली असे. तिथून उतरून आयुष्यभर स्टेपलर समजून घ्यायचा, या कल्पनेनं त्याच्या पोटात गोळा आला. वजन न वाढवणारा तो एकमेव गोळा.

"करतो ना व्यायाम," तो म्हणाला. "फक्त किती ते सांगा. भार किती, वारा किती हे कळल्याशिवाय मी क्रेनच्या दांड्याला हात लावत नाही."

"सोपं आहे. कार्डिओ करा. भरभर चाला, जिने चढा, काहीही. मात्रा अशी, की व्यायाम चालू असताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. गाता आलं तर कमी पडतोय. बोलताही येईना तर जास्त होतोय."

"बस्स?"

"बस्स."

एवढं सोपं माप त्याला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. तो खुशीत घरी आला. आणि घरी होत्या बाई.

*

बाई म्हणजे त्याची बायको. पण सगळी गल्ली तिला बाईच म्हणायची, कारण निम्म्या गल्लीला तिनं गाणं शिकवलं होतं. किटलीची शिट्टी वाजली तरी "खाली लागतेय" म्हणून नाक मुरडणारा कान.

"बोलता यावं, गाता येऊ नये?" बाईंनी विचारलं.

"हो."

"पण तुम्हाला गाता येतंच कुठे?"

"चालताना ना?"

"चालताना नाही, बसल्यावर नाही, झोपेत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही एकदा सुरात शिंकलासुद्धा नाहीत."

क्रेनवाला सोफ्यावर बसला. सावकाश बसला, कारण त्याला काहीतरी सुचत होतं.

"थांब हं. मी आत्ता इथे बसलोय. बोलता येतंय?"

"येतंय."

"गाता येतंय?"

"अजिबात नाही."

"म्हणजे आत्ता, या क्षणी, माझा व्यायाम अगदी योग्य मात्रेत चाललाय."

बाईंनी विचार केला. कुठे चूक आहे ते त्यांना सापडेना. ती सगळी संध्याकाळ क्रेनवाल्यानं सोफ्यावर जोरदार व्यायाम केला. मध्ये अशक्तपणा येऊ नये म्हणून बशीभर बिस्किटंही खाल्ली.

सकाळी पँटच्या बटणानं मात्र हे मत मान्य केलं नाही.

"काटा बिघडलाय," दोन्ही हातांनी बटण धरून तो म्हणाला. "हूक रिकामा असताना क्रेनचा काटा भार दाखवायला लागला तर आम्ही काय करतो? काम बंद. आधी काटा दुरुस्त, मग ओझं. तसंच हे. आधी मला गाता यायला हवं. आलं, तरच ते यायचं बंद झालेलं कळेल ना?"

"म्हणजे गाणं येईनासं व्हावं म्हणून मी तुम्हाला गाणं शिकवायचं?"

"अगदी बरोबर."

"आणि व्यायाम?"

"काटा दुरुस्त झाला की लगेच. त्याच दिवशी."

दुसरी कोणी असती तर हसली असती. पण बाईंच्या डोळ्यांत चमक आली. घरात रोज एक वाकडी टांगलेली तसबीर दिसावी आणि तिला हात लावायची बंदी असावी, तसा हा गळा त्यांनी इतकी वर्षं सोसला होता. आता तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

"उठा," त्या म्हणाल्या. "सरळ उभे राहा. आणि ती बशी आत ठेवा."

*

गळ्याला तळलेलं चालत नाही.

गोडानं आवाज जड होतो, म्हणून गोडही नाही. थंड तर नाहीच नाही. भरल्या पोटी श्वास पुरत नाही, तेव्हा रियाजाआधी काही खायचं नाही. रियाजानंतर गळा तापलेला असतो, तेव्हा लगेचही खायचं नाही. रात्री उशिरा जेवलं की सकाळी घसा धरतो. मग काय खायचं? भाज्या. उकडून. का? कारण मी सांगतेय म्हणून.

हेच सगळं पोटासाठी सांगितलं असतं तर क्रेनवाल्यानं सोफा सोडला नसता. पण हे काट्याच्या दुरुस्तीचं काम होतं. दुरुस्तीच्या सूचना तो अक्षरशः पाळायचा. बिस्किटांचा डबा त्यानं स्वतःच्या हातानं शेजाऱ्यांना नेऊन दिला.

मग त्यानं पहिला सूर लावला.

त्यांच्या घराखाली दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. दुसऱ्या दिवशी ते वर आले. हातमोजे काढायचेही त्यांना भान नव्हतं.

"बाई, वर काय चाललंय?"

"रियाज. का हो?"

"खाली पेशंट बसलेले असतात. त्यांना वाटतं, आत ज्याला घेतलाय त्याचाच हा आवाज. सकाळपासून बाकडं रिकामं होतंय. एक जण तर दुखतच नाही म्हणाला. गाल एवढा सुजलेला, आणि दुखत नाही म्हणाला!"

म्हणून दोघं गच्चीवर गेले. गच्चीवर पाण्याची टाकी रिकामी होती. क्रेनवाल्याचा सूर तिच्यात शिरला, आत फेऱ्या मारून चांगला धष्टपुष्ट झाला आणि नळांवाटे घरोघरी गेला. खालच्या लोकांनी प्लंबर बोलावला. प्लंबर वर आला, पाइपाला कान लावला, मग वळून क्रेनवाल्याकडे पाहिलं आणि जिन्यातून खाली ओरडला, "पंप ठीक आहे हो! माणूस आहे!"

म्हणून दोघं बागेत गेले. बाग गल्लीच्या पलीकडे, मोठा रस्ता ओलांडून, बरीच लांब. तिथे झाडामागे उभं राहून सूर लावतात न लावतात तोच रखवालदार काठी घेऊन धावत आला.

"बागेत जनावरं आणायला बंदी आहे."

"कुठलं जनावर?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"तेच शोधतोय. मोठं असावं. तुम्ही नाही ऐकलंत?"

"नाही," बाई पटकन म्हणाल्या आणि नवऱ्याला दंडाला धरून मागच्या फाटकातून बाहेर घेऊन गेल्या.

राहिली दगडाची जुनी खाण. शहराच्या टोकाला, टेकडीच्या माथ्यावर. तिथे बस जात नव्हती, रिक्षा जात नव्हती, खरं तर रस्ताही जात नव्हता. पण तिथे ऐकायला कोणी नव्हतं, आणि गाणं शिकणाऱ्याला सुरुवातीला दुसरं काय हवं असतं?

रोज सकाळी शिफ्टच्या आधी ते जाऊ लागले. शिफ्ट चुकू नये म्हणून भरभर. संध्याकाळी पुन्हा. अंधार पडू नये म्हणून आणखी भरभर. पायवाट अरुंद; पुढे क्रेनवाला, मागे बाई, आणि बाईंचा वर्ग घराच्या दारातच सुरू व्हायचा.

"खांदे खाली. खांद्यांनी कोणी गात नाही. श्वास पोटातून घ्या. पोटातून म्हटलं की पोट पुढे नाही काढायचं, ते आहेच पुढे. मान! मान कशाला उंच केलीत, वर क्रेन आहे का? कालचा सूर आठवतोय? तो विसरा."

*

"उस्ताद, उस्ताद, ऐकू येतंय का?" वॉकीटॉकीवर खालचा सिग्नलवाला.

"बोल."

"तुळई थोडी डावीकडे. अजून. बस. उस्ताद, एक सांगू?"

"सांग."

"वर मशीन कसलातरी आवाज करतंय. कुरकुर कुरकुर. ग्रीस संपलं वाटतं."

"ग्रीस आहे."

"मग गिअर?"

"गिअर ठीक आहे. मी आहे."

वॉकीटॉकी खरखरला.

"बरं," सिग्नलवाला म्हणाला. "तुम्ही आहात म्हटल्यावर काळजी नाही. पण मेकॅनिकला मी आधीच वर पाठवलंय, त्याला तेवढं तुम्हीच समजावा."

*

"भावोजी, सुरू केलात का कार्डिओ?" मेहुण्याचा फोन.

"लवकरच."

"लवकरच म्हणजे कधी? महिना उलटून गेला! बघा, मी समजावून सांगतो. चरबी असते ना, ती आळशी असते. आधी साखर जळते, मग चरबीला कळतं की आता आपली पाळी. पण फार जोरात पळालात तर ती घाबरते. फार हळू चाललात तर तिला वाटतं तुम्ही बाजारात निघालात. त्यामुळे मध्यम. पण मध्यम म्हणजे माझा मध्यम वेगळा, तुमचा वेगळा. माझं घड्याळ सांगतं मला. काल मी नुसती पाठ खाजवली तर त्यानं अभिनंदन केलं."

"बरं."

"ताईला द्या फोन."

"ती उकडतेय."

"काय उकडतेय?"

"माझं जेवण."

"भावोजी, नुसत्या जेवणानं नाही हो होत! कार्डिओ लागतो. असो, मी आपली खुर्ची पुसून ठेवलीय. चाक थोडं अडतं, पण ते कसं फिरवायचं ते सांगेन मी तुम्हाला."

क्रेनवाल्यानं फोन ठेवला आणि बूट घातले.

"आज एक फेरी जास्त मारू खाणीवर," तो बाईंना म्हणाला. "गाणं लवकर यायला हवं. व्यायामाला दिवसच उरत नाहीयेत."

*

आणि मग एकदा काय झालं की खाणीच्या तोंडाशी उभं राहून क्रेनवाल्यानं डोळे मिटले, खांदे सोडले, पोटातून श्वास घेतला आणि सूर लावला आणि तो लागला, म्हणजे खरोखरच लागला, बाईंनी तोंडावर हात ठेवला, खाणीनं तो सूर झेलून जसाच्या तसा परत दिला, आणि खाणीत राहणाऱ्या कुत्र्यांना, जी आजवर त्याच्या आवाजाला आपल्यातलाच एक आजारी भाऊ समजून गप्प बसत होती, पहिल्यांदाच कळलं की हा तर परका माणूस आहे, आणि ती उठली, सगळी उठली, आणि क्रेनवाला उतारावरून सुटला, मागे बाई, मागे कुत्री, "तोच सूर, तोच धरून ठेवा, सोडू नका," बाई पळता पळता ओरडतायत, "सोडला की परत नाही सापडायचा," आणि क्रेनवाला तो सूर धरून पळतोय, नाल्यावरून उडी, काटेरी कुंपणाला वळसा, चढ, उतार, पुन्हा चढ, मोठ्या रस्त्याच्या दिव्यापर्यंत, जिथे कुत्री थांबली.

सूर नाल्यापाशीच सुटला होता.

"होता," बाई गुडघ्यांवर हात टेकून म्हणाल्या. "मी ऐकला. होता हो."

क्रेनवाल्याला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वेगळी वाट शोधली. कुत्री टाळून जाणारी. अर्थातच लांबची.

*

तपासणीच्या सकाळी क्रेनवाल्याचा चेहरा पडलेला होता. सूर परत लागला नव्हता. म्हणजे काटा दुरुस्त झाला नव्हता. म्हणजे व्यायाम सुरू झाला नव्हता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम वेळेत सुरूसुद्धा केलं नव्हतं. पँट कमरेवर थांबत नव्हती म्हणून त्यानं तिला दोरी बांधली. पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. आपल्या पँटकडे नीट पाहावं अशी त्याची मनःस्थितीच नव्हती.

कंपनीच्या फाटकाशी मेहुणा उभा होता. बगलेत उशी.

"भावोजी, खुर्चीसाठी. दोन रंग होते, मी निळी घेतली. निळ्या रंगानं मन शांत राहतं. का राहतं, सांगतो..."

"नंतर रे," बाई म्हणाल्या. "उशीर होतोय आम्हाला."

पण त्यानं सांगितलंच, सगळं सांगितलं, आणि त्यात खरोखरच उशीर झाला. दवाखाना सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दोघं जिन्यानं धावत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी क्रेनवाल्याला काट्यावर उभं केलं. क्रेनवाल्यानं डोळे मिटून घेतले. जन्मभर काटे वाचणारा माणूस, पण हा त्याला वाचवेना.

"उतरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परत चढा."

तो परत चढला.

"दोरी कसली आहे?"

"पँटची."

"ती धरूनसुद्धा नवा पट्टा तुम्हाला आरामात धरेल," त्या म्हणाल्या आणि चक्क टाळी वाजवली. "जा वर. उद्यापासून काय, आजपासून जा. अहो, कमाल केलीत! किती कार्डिओ केलात, नेमका? माझे बाकीचे पेशंट ऐकतच नाहीत, त्यांना सांगते."

क्रेनवाल्यानं डोळे उघडले. केबिन राहिली, हे त्याला कळलं होतं. पण खोटं बोलून राहिलेली केबिन त्याला नको होती.

"खरं सांगू? रागावू नका."

"सांगा."

"अजून सुरूच केलेला नाही."

"काय?"

"कार्डिओ. आधी गाता यायला हवं ना. त्यातच तीन महिने गेले."

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सगळं सांगितलं. उकडलेल्या भाज्या, दाताचे डॉक्टर, टाकी, बाग, खाण, चढ, कुत्री, लांबची वाट. ऐकता ऐकता डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घालायचं विसरून गेल्या.

"आणि मग आलं का यांना गाणं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एक सूर आहे आत. पण तो बोलावला की येत नाही."

"पण एवढा चढ चढताना बोलता तरी यायचं ना?"

"हिच्यापुढे?" क्रेनवाला म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्या बाईंकडे वळल्या.

"तुम्ही रोज यांच्या मागून चढायचात. बोलत."

"अखंड. चुका काय कमी करतात हे?"

"आणि गायचात?"

"चढावर? गाणार कसं? दम नको का उरायला? बोलण्यापुरताच उरायचा."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे करून काट्याकडे बोट दाखवलं.

"या. उभ्या राहा."

"मी? मी नाही हो. मी आपली सोबत म्हणून..."

"या म्हणते ना."

बाई चपला काढून काट्यावर चढल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीचं वजन विचारलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागून ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काटा वाचला. मग बाईंनी वाकून स्वतः वाचला. मग पुन्हा एकदा.

"यांच्यापेक्षा जास्त उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुस्तकात लिहावा तसा कार्डिओ केलाय तुम्ही."

बाई काट्यावरून उतरल्याच नाहीत. लग्नात नेसलेलं लुगडं, बहिणीची टोमणे मारायची सवय, आरशासमोर श्वास रोखून उभं राहणं, असं बरंच काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं असावं. आणि जिने चढून लागलेला दम अजून पुरता खाली बसलेला नसतानाच त्यांच्या तोंडून आनंदानं गाण्याची एक ओळ निघाली. हळूच, स्वतःशीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा!"

क्रेनवाला दचकला.

शेवटचा सूर खाली लागला होता. केसभरच, पण खाली. त्याला तो स्वच्छ ऐकू आला, वरून खालची तुळई बोटभर सरकलेली दिसावी तसा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. हे फक्त त्यालाच कळलं होतं.

"काय हो?" बाईंनी विचारलं. "असं काय बघताय?"

क्रेनवाल्याला दम लागलेला नव्हता. बोलता अगदी छान येत होतं.

"काही नाही," तो म्हणाला आणि बूट घालायला खाली वाकला.